ठाण्याच्या जुन्या घरांची भिंत आणि सिमेंट

चरई, खारकर आळीकडच्या जुन्या घरांचे वय सांगताना लोक सरळ पेशवाई गाठतात. 1737 मध्ये मराठ्यांनी साष्टी, म्हणजे ठाणे ज्यावर आहे ते बेट, घेतली हे खरे, पण छपरावर मंगळुरी कौले असली तर ते छप्पर तरी 1865 नंतरचेच. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो त्या साली. सांगाडा मात्र त्याहून जुना असू शकतो.

घराचा भार लाकडावर असतो: दगडी जोते, त्यावर तळखडा (खांबाखालचा दगड), त्यावर सागाचा खांब, वर तुळई (आडवे जाड लाकूड). मधली भिंत नुसती भर. चुन्याची ही भिंत जमिनीतली ओल ओढते आणि उन्हाळ्यात बाहेर टाकते. तिला सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, वर चढते आणि भिंतीत शिरलेले तुळईचे टोक कुजवते. वरून सगळे गुळगुळीत! तुळई टोच्याने, म्हणजे अणकुचीदार हत्याराने, टोचून बघा. टोचा सहज आत गेला तर गिलावा आधी उतरवा.

नव्या गिलाव्याला कळीचा (भाजलेला, कोरडा) चुना पाण्यात विरवून निदान पंधरा दिवस मुरवावा. एक भाग चुन्याला तीन भाग चाळलेली, बिनखारी वाळू. थर बोटभर जाडीपेक्षा कमी, आठवडाभर ओला. भर पावसाळ्यात हे काम काढूच नये.