बार्शी लाइट 1:48 मध्ये: इंजिन चढ चढलं, आता पॅसेंजर डबे

बार्शी लाइट या जुन्या छोट्या रेल्वेचं मॉडेल मी 1:48 मापात, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढं, घडवतोय. मागच्या नोंदीत इंजिनाची नुसती चेसी आणि बॉयलरची नळी होती. आता किटसन या इंग्लिश कंपनीचं 0-8-4 टँक इंजिन (आठ जोडलेली चाकं, मागे चार, पाणी बाजूच्या टाक्यांत) पूर्ण उभं आहे आणि चढावरसुद्धा मालडबे ओढतंय. रंग अजून बाकी आहे.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी ही अडीच फुटी (दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट) लाईन 1897 मध्ये सुरू झाली. पुढे 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर आणि 1927 ला मिरज जोडलं गेलं. दार्जिलिंगच्या इंजिनांची तयार मॉडेलं विकत मिळतात. आपल्या जिल्ह्यातून धावलेली गाडी मात्र हातानेच घडवावी लागते, आणि ती घडवायलाच हवी असं मला मनापासून वाटतं. सगळी लाईन आता ब्रॉडगेज झाली. लातूरच्या गाडीत बसलेल्या पोरांना इथे छोटी गाडी होती हे सांगूनही खरं वाटत नाही.

ब्रिटिश इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉपने ही लाईन आखताना एक नियम धरला होता: इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार नको. म्हणजे हलका रूळ पुरतो आणि खर्च आवाक्यात राहतो. इंजिनाचा तो लांबट आकार यातूनच आला. वजन वाटायचं म्हणून आठ चाकं जोडलेली आणि मागे आणखी चार चाकांची ट्रॉली. हे समजलं की कॅबखाली एवढी चाकं कशाला, हा प्रश्नच उरत नाही.

मॉडेलमध्ये मात्र हाच नियम आडवा येतो. मागच्या ट्रॉलीने वजन उचललं की पुढची आठ चाकं जागेवरच फिरतात. म्हणून दोन्ही साईड टँकमध्ये शिशाचे तुकडे भरले, बॉयलरच्या पुढच्या भागातही एक ठोकळा बसवला, आणि ट्रॉलीवर फक्त रुळाला चिकटून राहण्यापुरती बारीक स्प्रिंग ठेवली. तोल कुठे येतो ते बघायला इंजिन आडव्या पेन्सिलीवर ठेवतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या जोडीच्या मधे ते स्थिर राहिलं तेव्हाच मोटर जोडली. मधल्या दोन जोड्यांच्या चाकांची कड काढून टाकली आहे, त्यामुळे 18 इंच त्रिज्येचं वळणही न अडखळता घेतं.

रूळ 16.5 मिलिमीटरचा, साधा एचओचा, म्हणजे 1:87 मापाच्या मॉडेल गाड्यांचा. 1:48 ला अडीच फूट म्हणजे 15.9 मिलिमीटर, तेव्हा अर्ध्या मिलिमीटरच्या वरचा फरक मी सोडून दिला. तयार रुळाचे स्लीपर मात्र नाही सोडवत. ते फार जवळजवळ असतात आणि लगेच मोठ्या गाडीचा रूळ दिसतो. खालचे प्लास्टिकचे दुवे कापून प्रत्येक स्लीपर सरकवला. वेळखाऊ काम आहे, पण नॅरोगेज दिसतो तो इथेच. खडीऐवजी मुरूम चहाच्या गाळणीतून चाळून घेतलाय, आणि लाईनच्या दोन्ही बाजूंना खरी काळी माती.

सोलापूरकरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. गजभर निकेल सिल्व्हर रूळ 30 अंशांच्या फरकाने जवळजवळ अर्धा मिलिमीटर वाढतो. पत्र्याच्या खोलीत जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, रूळ टाकत असाल तर सांध्यात फट ठेवाच, नाहीतर एप्रिलमध्ये रूळ उचलला जातो. थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए प्लास्टिक टाळा, तो 60 अंशांच्या आसपास मऊ पडतो. मी टँक आणि कॅब पेटजी (PETG) या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकमध्ये काढले. आणि घराजवळ लूम असतील तर गिअरवर झाकण हवंच. सुताचे तंतू तेलाला चिकटून आसाला घट्ट गुंडाळले जातात, ते चिमट्याने एकेक ओढून काढावे लागतात.

आता डबे. मालडब्यांची चौकट कॅलथ्रॉपने एकाच मापाची ठेवली होती, 25 फूट बाय 7 फूट. म्हणजे माझ्याकडे 159 बाय 44.5 मिलिमीटर. रुळाच्या पावणेतीन पट रुंद डबा! तो रुळावर ठेवला की दोन्ही बाजूंनी बाहेर झुकलेला दिसतो, आणि बार्शी लाइटचं खरं रूप तेच. पॅसेंजर डब्यांची बाकं लाकडी पट्ट्यांचीच करतोय, आईस्क्रीमच्या काड्या उभ्या चिरून.

कुर्डुवाडीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका परवा डबा हातात घेऊन बराच वेळ बघत होते. मी विचारलं, "काका, काय राहिलं?" म्हणाले, "माणसं राहिली की बे. आषाढीची गाडी कुठं अशी रिकामी असती का? दारात लटकलेली दाव, टपावर बसलेली दाव." त्यामुळे प्रवाशांची संख्या वाढवली आहे. टपावर पटका बांधलेले, गळ्यात टाळ अडकवलेले वारकरी बसवतोय. टपावर वजन आलं की डबा वळणावर कलंडतो, म्हणून माणसं पोकळ आणि फरशीखाली पितळेची पट्टी.

पुढच्या टप्प्यात मोडनिंबचा फलाट आणि पाण्याची टाकी. पंढरपूर शाखेवरच्या पॅसेंजर डब्यांचे बाजूने काढलेले जुने फोटो कुणाच्या घरी असतील, तर खिडक्यांची संख्या आणि दारांची जागा एवढं तरी कळवा. लग्नाच्या अल्बममध्ये मागे डबा दिसत असला तरी चालेल.