ब्रेक दाबला की डॅशबोर्ड उजळतो

गॅरेजवाल्याने एस्टिमेट हातात दिलं आणि माझं डोकंच फिरलं. आधी डायग्नोस्टिक फी, म्हणजे गाडीला काय झालंय ते शोधायचे वेगळे पैसे, आणि शोधलं काय तर स्टीअरिंगजवळचा इंडिकेटरचा स्विच बदला. बरं, बदलल्यावर प्रॉब्लेम नक्की जाईल का विचारलं तर म्हणतो तिथून सुरुवात करून बघू. माझ्या पैशाने सुरुवात!

गाडी म्हणजे १९९४ चा पिकअप. अमेरिकेत राहून एवढी जुनी गाडी कशाला असं तिकडून सगळेच विचारतात, त्यांना एकदाच सांगतो, हप्ता नाही, इन्शुरन्स कमी, आणि आमच्या मंडळाच्या गणपतीचं मखर दरवर्षी याच्याच हौद्यातून जातं, तेव्हा कुणाला गाडीचं वय आठवत नाही. आणि इथे मिशिगनमध्ये गाडीची वार्षिक तपासणी वगैरे भानगडच नाही, त्यामुळे जोवर चालतेय तोवर चालतेय. फक्त मागचा दिवा गेला की पोलीस बाजूला घेतात.

तर झालं होतं असं, की ब्रेक दाबला की मागचा डावा दिवा मिणमिणता लागायचा आणि त्याच वेळी, हेडलाइट बंद असताना, डॅशबोर्डचे दिवे मात्र हळूच उजळायचे. डावा इंडिकेटर लावला की पुढचे पार्किंगचे दिवेपण त्याच्याबरोबर लुकलुक. भूत शिरल्यासारखं वाटतं पण कारण साधं असतं. मागच्या बल्बमध्ये दोन फिलामेंट, एक टेललाइटचा, एक ब्रेकचा, आणि दोघांचं अर्थिंग, म्हणजे करंट गाडीच्या सांगाड्यात (चॅसीत) परत सोडणारी वायर, एकच. ते तुटलं की ब्रेकचा करंट परत जायला रस्ता शोधतो आणि टेललाइटच्या फिलामेंटमधून उलटा शिरून पुढे डॅशबोर्डपर्यंत पोचतो.

त्यात इथली एक गोष्ट मला अजून पटलेली नाही. मागचा इंडिकेटर लाल चालतो यांना! कायद्यानेच चालतो, आणि माझ्यासारख्या पिकअपमध्ये तर ब्रेक आणि इंडिकेटर एकाच फिलामेंटवर, त्यामुळे पुढची गाडी ब्रेक मारतेय का वळतेय हे अर्धा सेकंद कळतच नाही. आपल्याकडे रिक्षालासुद्धा पिवळा असतो (लावत नाहीत तो भाग वेगळा). याच कारणामुळे ब्रेकलाइटची वायर इंडिकेटरच्या स्विचमधून फिरून येते, म्हणून गॅरेजवाल्याचा संशय तिकडे गेला असणार. पण बाबा, स्विच खराब असता तर डॅशबोर्ड कशाला उजळला असता?

यांचं एक मात्र मानायला पाहिजे. पब्लिक लायब्ररीच्या फुकट कार्डावर माझ्या गाडीचं सगळं वायरिंग डायग्राम घरबसल्या मिळालं, कुठली वायर कुठल्या रंगाची आणि कुठे अर्थ होते इथपर्यंत. हे आपल्याकडे कधी होणार देव जाणे.

पण शोधायची पद्धत माझी मिरजेचीच. तिथे रोडला ताडपत्रीखाली बसणारा इलेक्ट्रिशियन एका बल्बला दोन वायरी जोडून अख्खा टेंपो तपासायचा, आणि लोक हसायचे की मीटर (करंट-व्होल्ट मोजायचं यंत्र) नाही का. अहो, तो बल्ब मीटरपेक्षा खरं बोलतो! वायरचा जोड गंजून जेमतेम टेकलेला असेल तरी मीटर "बीप" करून सगळं ठीक सांगू शकतो, कारण मीटर करंट असा ओढतच नाही. बल्ब ओढतो. ब्रेकचा फिलामेंट सुमारे दोन अँपिअर खातो, तेवढा गंजक्या जोडातून कुठून येणार. (तेच लोक फ्यूजच्या जागी तार बांधतात हे मलाही माहितीये, पण नसतील फ्यूज मिळत वेळेला तर गिऱ्हाईकाला काय रस्त्यात सोडायचं?)

तर बिघाड कुठल्या दिव्यात ते बल्बने सापडलं, मग मीटरने खात्री केली. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं दिव्याच्या अर्थिंगला, आणि बायकोला ब्रेक दाबून बसवलं. ०.१ किंवा ०.२ व्होल्ट दाखवलं तर ठीक समजायचं. माझा चारच्या वर. खाली सरपटत जाऊन बघितलं तर अर्थिंगचा स्क्रू जिथे चॅसीला लागतो तिथे नुसता गंजाचा पापुद्रा. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, डेट्रॉइटच्या खाली तर हजार फुटांहून खोल मिठाची खाणच आहे, मग चॅसीचं दुसरं काय होणार. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरच्या टोकाला नवीन लग (धातूची कडी), दातेरी वॉशर, वरून ग्रीस, आणि एक जादा वायर थेट चॅसीला. मीटर ०.०८. डॅशबोर्ड गप्प. खर्च म्हणाल तर कॉफीएवढा.

बायकोचं म्हणणं, थंडीत एवढा वेळ घालवलास त्याचे पैसे धर की. धरले तर गॅरेजच स्वस्त पडतं म्हणे. असेल.

आता पेट्रोलचा काटा तेवढा नाचतोय. टाकीतल्या सेंडरचंही (पेट्रोल किती ते काट्याला कळवणारा भाग) अर्थिंगच गेलं असणार, पण त्यासाठी हौदा उचलावा लागतो, म्हणून बर्फ गेल्यावर. तोवर किती मैल झाले ते बघून भरतोय.