रिकामा शिंपला उचलण्याआधी: निळ्या कड्यांचा ऑक्टोपस

हाजी अली किंवा कार्टर रोडच्या खडकांवर ओहोटीला फिरणाऱ्यांचा हात शिवशिवतोच: शिंपला दिसला की उचला, दगड दिसला की उलटा. हीच खोड बालीच्या किंवा फिलिपिन्सच्या किनाऱ्यावर जिवाशी येऊ शकते.

लाळेत विष बहुतेक सगळ्याच ऑक्टोपसांच्या असतं. माणसाचा जीव घेणारा वंश मात्र एकच, हापालोक्लीना, म्हणजे हा निळ्या कड्यांचा ऑक्टोपस. धड सुपारीएवढं, रंग मातकट पिवळा. निळी कडी तो डिवचल्यावरच झळकतात, तीही सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात. त्यामुळे ‘निळं दिसलं नाही, म्हणजे साधाच’ हा हिशेब घातक आहे.

नाव मिळालेल्या जाती चार. एक दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याची. दुसरी न्यू साउथ वेल्स आणि दक्षिण क्वीन्सलंडची. तिच्या धडावर कड्यांऐवजी निळ्या रेघा. तिसरी इंडोनेशिया, फिलिपिन्सकडे, प्रवाळाच्या तुकड्यांत. चौथीचं वर्णन 1938 साली बंगालच्या उपसागरातल्या एकाच नमुन्यावरून झालं, तेव्हा ‘हे आपल्याकडचं नाहीच’ असं म्हणायची सोय नाही. राहायला फट, रिकामा शिंपला, फेकलेली बाटली, काहीही चालतं. बाटली उचलून कचरा गोळा करणारेही म्हणूनच जपून.

विष टेट्रोडोटॉक्सिन, जपानी फुगू माशात असतं तेच. शिजवूनही ते जात नाही. नसांमधल्या सोडियमच्या वाटा ते बंद करतं. स्नायूंना निरोप पोचत नाही आणि श्वासाचा पडदा थांबतो. चावा बऱ्याचदा दुखतही नाही. आधी ओठ-जीभ बधिर, मग बोलणं जड, पापण्या मिटलेल्या. माणूस हलत नाही, पण शुद्धीवर असू शकतो, सगळं ऐकू शकतो. त्याच्या उशाशी ‘गेला’ म्हणू नका.

उतारा नाही. चाव्यावरून सुरू करून पूर्ण हाता-पायाला इलॅस्टिक बँडेज घट्ट गुंडाळा, फळी बांधून अवयव स्थिर ठेवा, चालवू नका. जखम कापणं, चोखणं नको. श्वास थांबला की लगेच तोंडाने श्वास द्या आणि व्हेंटिलेटर मिळेपर्यंत थांबू नका, कितीही वेळ लागो. विष शरीरातून आपोआप निघतं. तोवर मेंदूला ऑक्सिजन पोचत राहिला, तर माणूस बहुधा पूर्ण बरा होतो. घात होतो तो ‘दुखत नाहीये, बघू थोड्या वेळाने’ म्हणण्यात.