हजेरीपटावरचे शेवटचे दोन नंबर

2020 च्या जूनमध्ये शाळांना कुलपे होती आणि आमची मुलगी पाच वर्षांची होती, म्हणून वर्षभराची तात्पुरती सोय समजून आम्ही तिला घरीच शिकवायला सुरुवात केली. पुढे शाळा उघडल्या, तरी आमचे घरचे शिकवणे सुरूच राहिले, कारण तोवर तिला आणि आम्हालाही त्याची गोडी लागली होती. हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला जाऊन पक्षी मोजायचे, पोळी दुमडून अपूर्णांक शिकायचे, आणि नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राणी गौतमी बलश्रीच्या शिलालेखासमोर बसून प्राचीन ब्राह्मी लिपीतली अक्षरे वहीत उतरवायची, असा आमचा अभ्यासक्रम होता. त्याचा मला अभिमान होता, आणि तो थोडा जास्तच होता हे आता कबूल करायला हरकत नाही. मात्र दहाव्या वर्षी तिने स्वतःच विषय काढला. तिला मैत्रिणी हव्या होत्या, आणि त्या काही मी घरी तयार करू शकत नव्हते.

2025 च्या जूनमध्ये आम्ही घराजवळच्या महापालिकेच्या शाळेत गेलो. कार्यालयात पहिला प्रश्न आला तो शाळा सोडल्याच्या दाखल्याचा. जी शाळा कधी धरलीच नाही ती सोडणार कशी, हे समजावण्यात अर्धा तास गेला. शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनीच वाट काढली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातील चौथ्या कलमानुसार शाळेत कधीच दाखल न झालेल्या मुलालाही त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणही मिळते, हे त्यांनी लिपिकाला शांतपणे सांगितले. पाचवीत प्रवेश झाला, परंतु नोंद झाली ती ‘शाळाबाह्य’ या सदरात. ब्राह्मी अक्षरे ओळखणारी माझी मुलगी शाळाबाह्य! तो शब्द मला दिवसभर टोचत राहिला. तिच्या आधीच्या ओळीत, त्याच सदरात, मराठवाड्यातून बांधकामावर आलेल्या एका मजूर कुटुंबातील मुलीचे नाव होते. हजेरीपटावर त्या मुलीचा नंबर 38 आणि आमच्या मुलीचा 39.

आम्हाला धास्ती होती ती अभ्यासाची, आणि अडचण सगळ्यात कमी आली तीही अभ्यासातच. भागाकाराचा एक प्रसंग तेवढा सांगते. 936 भागिले 4 हे उदाहरण तिने तोंडी सोडवले, म्हणजे 800 चे 200, 120 चे 30 आणि 16 चे 4, अशी फोड मनात करून थेट 234 लिहून टाकले. वहीत लाल शाईने शेरा आला, ‘पायऱ्या कुठे आहेत?’ मी शाळेत जाऊन वाद घालण्याच्या तयारीत होते. मुलीनेच मला थांबवले आणि सांगितले की, मॅडमना एकोणचाळीस वह्या तपासायच्या असतात, त्यांना प्रत्येकीच्या डोक्यात शिरून बघता येत नाही. हे शहाणपण तिला दोन आठवड्यांत आले होते, मला मात्र आले नव्हते.

खरे जड गेले ते घंटेचे. घरी एखादी गोष्ट हातात घेतली की ती संपेपर्यंत ती तिचीच असायची. शाळेत गोदावरीचा नकाशा काढत असताना, ब्रह्मगिरीपासून गंगापूर धरणापर्यंतची रेघ ओढून झाली आणि रामकुंडाजवळ नदी दक्षिणेला वळते ते वळण ती काळजीपूर्वक रेखाटत होती, तोच तास संपला. सगळ्यांनी वह्या मिटल्या आणि हिची पेन्सिल चालूच राहिली. मॅडमनी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा वही काढून घेतली. त्या दिवशी घरी आल्यावर ती रडली नाही, पण जेवलीही नाही. नदी अर्धीच राहिली, एवढेच म्हणाली.

दुसरी अडचण मोठ्यांना हास्यास्पद वाटेल. लघवीला जाण्यासाठी कोणाची परवानगी मागायची असते हेच तिला ठाऊक नव्हते, आणि पहिल्या दिवशी ती सरळ उठून चालू लागली तेव्हा वर्ग हसला. त्यानंतर तीन दिवस तिने शाळेत पाणीच प्यायले नाही. करंगळी वर करायची असते हे तिला शिकवले ते 38 नंबरच्या मुलीने. खिचडीच्या रांगेत ताट कुठे धरायचे आणि कोणता नळ धार धरतो हेही तिच्याकडूनच कळले. बदल्यात आमची मुलगी तिला जोडाक्षरे वाचून दाखवायची. मी दर आठवड्याला विचारायची की आज काय शिकलीस, आणि उत्तरात पाठ्यपुस्तकापेक्षा ही मैत्रीणच जास्त असायची. आता घरीसुद्धा ताटावरून उठताना मुलीची करंगळी वर जाते आणि आजी हसून हसून बेजार होते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर 38 नंबरची मुलगी आली नाही. इमारतीचे काम संपले होते आणि कुटुंब दुसऱ्या गावी निघून गेले होते. स्थलांतर करणाऱ्या मुलांना पुढच्या शाळेत दाखवण्यासाठी शिक्षण हमी कार्ड मिळते. ते तिच्या आईने नेले की नाही, हे माझ्या मुलीने मॅडमना जाऊन विचारले. नेले होते. नाव अजून पटावर असल्यामुळे मॅडम रोज सकाळी ते उच्चारतात. तेवढ्यापुरते थांबतात, मग 39 म्हणतात, आणि आमची मुलगी ‘हजर’ म्हणते.