स्वातंत्र्याची टोपी, व्हाया ठाणे

काका २०२४ च्या एप्रिलमध्ये युरोपला जाऊन आले. शाळेत चित्रकला शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला पॅरिसचं लूव्र संग्रहालय बघायचं होतं, बाकी आयफेल टॉवर वगैरे गेलं खड्ड्यात. टूरवाल्यांनी लूव्रला दोन तास दिले. त्यातला बराचसा वेळ मोनालिसासमोरच्या गर्दीत गेला आणि शेवटी काका धापा टाकत फ्रेंच चित्रकार देलाक्रुआच्या स्वातंत्र्यदेवतेच्या चित्रापाशी पोचले, तर देवता जागेवर नाही! चित्र सप्टेंबर २०२३ मध्ये साफसफाईला उतरवलेलं, ते परत भिंतीवर चढलं थेट मे महिन्याच्या सुरुवातीला. काका तोवर घरी येऊन आंब्याची पेटी फोडत होते.

तेव्हापासून घरात विषय निघाला की काका उसासा टाकतात. शेवटी मीच म्हटलं, "काका, पॅरिस राहू दे. ठाण्याला चला, तिथे दाखवते तुम्हाला स्वातंत्र्य."

"तिथे काय दाखवणार तू? जेल?"

"हो. जेलच."

नारळी पौर्णिमेचा दिवस धरला. डोंबिवलीहून सकाळची लोकल, पावसाची भुरभुर आणि काकांच्या शबनममध्ये चित्रांची वही. ठाण्याला उतरून पहिलं काम म्हणजे मामलेदार मिसळ. काकांना ॲसिडिटी आहे, म्हणून त्यांनी 'मध्यम' मागवली आणि माझ्या 'तिखट'मधली निम्मी तर्री ओतून घेतली.

मिसळ खाताखाताच त्यांनी टोपीचं पुराण सुरू केलं. काकांचं म्हणणं असं, की युरोपातल्या चित्रांत बाई स्वातंत्र्यदेवता आहे की आणखी कुणी, हे चेहऱ्यावरून कळत नाही. टोपीवरून कळतं. रोममध्ये गुलामाला मुक्त करायचं झालं की त्याचं डोकं भादरून त्यावर लोकरीच्या नमद्याची साधी टोपी चढवत. आता हा कुणाच्या मालकीचा नाही, याची ती खूण. पुढे सीझरचा खून करणाऱ्या ब्रूटसने इ.स.पू. ४२ च्या सुमारास नाणं पाडलं, त्यावर दोन खंजीर आणि मधोमध हीच टोपी. म्हणजे आम्ही खून केला नाही, रोमला गुलामीतून सोडवलं.

"आपल्याकडे टोपी घालणं म्हणजे फसवणं," मी म्हटलं.

"तो ब्रूटसही तेच करत होता," काका म्हणाले आणि त्यांना तर्रीचा ठसका लागला.

रोमन टोपी होती साधी, कललेला शेंडा नसलेली. तुर्कस्तानातल्या जुन्या फ्रिजिया प्रांताची टोपी वेगळी, मऊ, शेंडा पुढे कललेला. काळाच्या ओघात चित्रकारांनी दोन्ही एकच करून टाकल्या आणि फ्रेंच राज्यक्रांतीत हीच पुढे झुकलेली टोपी लाल रंगात लोकांच्या डोक्यावर आली. २० जून १७९२ ला जमाव राजवाड्यात घुसला तेव्हा सोळाव्या लुईला ती सर्वांसमोर घालावी लागली. पुढच्या जानेवारीत त्याचं डोकंच राहिलं नाही. देलाक्रुआने १८३० साली जुलैतल्या उठावाचं चित्र रंगवलं. त्यात एका हातात तिरंगी झेंडा, दुसऱ्या हातात संगिनीची बंदूक घेऊन प्रेतांवरून पुढे निघालेल्या बाईच्या डोक्यावर तीच टोपी. सरकारने चित्र विकत घेतलं आणि मग ते भडकाऊ वाटायला लागल्यावर लोकांच्या नजरेआड ठेवलं. लूव्रमध्ये ते लागायला १८७४ उजाडलं. म्हणजे काकांच्या आधीही ते बघायला येऊन हात हलवत परत गेलेले बरेच असणार.

जांभळी नाक्यावर भाजीवाल्यांच्या गर्दीतून वाट काढत तलावपाळीला आलो. पाऊस थांबला होता. मासुंदा तलावाच्या कठड्याला टेकून काकांनी मला एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मी खरंच चाट पडले.

वॉशिंग्टनमध्ये अमेरिकन संसदेच्या घुमटावर स्वातंत्र्याचा एक पुतळा आहे. शिल्पकार टॉमस क्रॉफर्डने आधी रिवाजाप्रमाणे तिच्या डोक्यावर ती टोपी दाखवली होती. इमारतीचं काम युद्धमंत्री जेफर्सन डेव्हिसच्या देखरेखीखाली होतं. डेव्हिस स्वतः गुलाम बाळगणारा, पुढे गुलामगिरीसाठी फुटून निघालेल्या दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष. त्याने हरकत घेतली, की ही टोपी सुटलेल्या गुलामाची. आपण अमेरिकन जन्मतःच स्वतंत्र, आपल्याला ती कशाला? टोपी गेली आणि गरुडाचं तोंड, पिसं असलेलं शिरस्त्राण आलं. लोक त्या बाईला लांबून रेड इंडियन समजतात ते त्यामुळेच.

पुढचं ऐका. पुतळा ओतायच्या कारखान्यात फिलिप रीड नावाचा एक गुलाम काम करत होता. पुतळ्याचा प्लास्टरचा नमुना सुट्या भागांत कसा सोडवायचा हे कुणाला जमेना, ते त्याने करून दाखवलं. रविवारच्या कामाचे त्याला दिवसाला सव्वा डॉलर मिळाले. बाकीच्या दिवसांची मजुरी मालकाच्या खिशात. डिसेंबर १८६३ मध्ये पुतळा घुमटावर चढला, तोवर रीड मुक्त झाला होता, कारण वॉशिंग्टनमधली गुलामगिरी आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये रद्द झाली होती. म्हणजे ज्या टोपीचा खरा हक्कदार खाली भट्टीपाशी उभा, तीच टोपी वरच्या बाईच्या डोक्यावरून उतरवली.

"आणि न्यूयॉर्कची?" मी विचारलं.

"तिच्याही डोक्यावर टोपी नाही, सात किरणांचा मुकुट. शिल्पकार बार्थोल्डीने सुरुवातीच्या नमुन्यात तिच्या डाव्या हातात तुटलेली साखळी दिली होती. मग हातात पाटी आली आणि साखळी गेली पायाखाली. खालून बघणाऱ्याला दिसतसुद्धा नाही." काका थांबले. "कॅलेंडरवाले पायांच्या वरूनच कापतात."

तलावपाळीवरून कोर्ट नाका, तिथून कारागृहाची भिंत. चालत फार वेळ लागत नाही, फक्त रस्ता ओलांडताना देव आठवतो. ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह म्हणजे मुळात पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला. १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी. आत आपल्यासारख्याला प्रवेश नाही आणि बाहेरून मोबाइल वर केला की पहाऱ्यावरचा माणूस हात हलवतो. मग नुसतं भिंतीकडे बघायचं.

काकांना मी इथे आणलं ते त्रिंबकजी डेंगळ्यांसाठी. दुसऱ्या बाजीरावाचा हा कारभारी. १८१५ च्या जुलैत पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला, त्यात त्याचा हात असल्याचा आरोप. इंग्रजांनी त्याला याच किल्ल्यात ठेवलं. फितुरी नको म्हणून पहारा सगळा गोऱ्या शिपायांचा. आता गंमत बघा. खिडकीखाली एका साहेबाच्या घोड्याला खरारा करता करता एक मराठी मोतद्दार रोज गाणी म्हणायचा. शिपायांना वाटे, असतं एकेकाला गाण्याचं वेड. गाण्यातून चालली होती पळायची मसलत! १२ सप्टेंबर १८१६ ला पावसाळी अंधारात त्रिंबकजी निसटला. दोन वर्षांनी पुन्हा सापडला आणि त्याची रवानगी काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात झाली. तिथे १८२४ साली हेबर नावाच्या इंग्रज बिशपने त्याला पाहिलं आणि त्या मोतद्दाराच्या गाण्याची कथा लिहून ठेवली.

त्रिंबकजी काही स्वातंत्र्यवीर नव्हता. पण ते गाणं मला कुठल्याही पुतळ्यापेक्षा जास्त आवडतं. त्यात बाई नाही, मशाल नाही, टोपीही नाही.

याच भिंतीआड १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर गेले. नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या त्याला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. कान्हेरे अठरा वर्षांचा होता. काका भिंतीपुढे बराच वेळ उभे राहिले. त्यांनी वही काढली नाही.

रिक्षात बसल्यावर मी आपल्याकडच्या चित्रांचा विषय काढला. चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांनी १९०५ मध्ये, बंगालच्या फाळणीच्या काळात, भारतमाता रंगवली. भगवी वस्त्रं, चार हात. पोथी, भाताच्या लोंब्या, पांढरं वस्त्र, जपमाळ. शस्त्र नाही, तुटलेली बेडीही नाही. काकांच्या मते ती स्वातंत्र्यदेवता नाहीच, ती ध्यानाला बसलेल्या घरातली थोरली आहे. मला ते पटत नाही. फ्रान्सची बाई लोकांना घेऊन कुठेतरी निघाली आहे, आपली आई आधीच घरी आहे आणि घरच पारतंत्र्यात आहे. वाद कळव्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकला तो अडकलाच.

टोप्या मात्र आपल्याकडेही आल्या. असहकाराच्या दिवसांत खादीची पांढरी टोपी घातली म्हणून सरकारी नोकरी धोक्यात यायची. ज्याच्या नावाची टोपी, तो स्वतः १९२१ पासून पंचा नेसून उघड्या डोक्याने. आणि भगतसिंगांची फेल्ट हॅट! १९२९ च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या स्टुडिओत काढलेल्या फोटोतली ती वेषांतराची हॅट छापील चित्रांतून घराघरांत गेली. पोलिसांना चुकवायला घातलेली साहेबाची टोपी, तीच पुढे क्रांतिकारकाची ओळख झाली.

दुपारी स्टेशन ओलांडून पूर्वेला, चेंदणी कोळीवाड्यात. खाडीला भरती लागलेली, होड्यांना रंग दिलेला, पताका, बँडवाले ढोल तापवत बसलेले. बायकांच्या अंबाड्यांत अबोलीचे गजरे. आणि कट्ट्यावर एक आजोबा, गळ्यात रुमाल, डोक्यावर लाल कोळी टोपी. कड दुमडलेली, टोक पुढे कललेलं.

काकांनी माझा दंड धरला. "अगं, हे बघ."

मी बघतच होते. या टोपीचं त्या टोपीशी काही नातं आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. समुद्रावर डोकं झाकायला माणसं आपापली सोय करतात. पण देलाक्रुआसाठी पॅरिसला गेलेल्या माणसाला ती चेंदणीत दिसली, याला मी तरी काय करू?

काकांनी वही उघडली. आजोबाही हौसेने बसले. वीसेक मिनिटांत चित्र झालं. आजोबांनी वही लांब धरून पाहिली.

"चेहरा आलाय मास्तर. टोपी चुकलीय."

"कुठे?"

"टोक असं लोळत नाय. नीट बघा." त्यांनी टोपी काढून काकांच्या मांडीवर ठेवली. काकांनी ती उलटसुलट फिरवली, दुमड उलगडली, पुन्हा घातली, खिशातून खोडरबर काढलं. तेवढ्यात ढोल वाजले, सोन्याचा नारळ घेऊन पालखी निघाली, आणि आजोबा उघड्या डोक्यानेच उठून उभे राहिले.

"टोपी!" काका ओरडले.

"असू द्या," आजोबा गर्दीत शिरता शिरता म्हणाले, "आधी नीट काढा."