गार होऊ दे, मग लिही

मखमलाबादहून बसने येणारी आम्ही चार पोरं प्रयोगशाळेच्या तासाची आठवडाभर वाट बघायचो.

नववीत सरांनी झिंक ऑक्साइड तापवायला दिलं. पांढरी भुकटी बघता बघता पिवळी झाली. मी लगेच वहीत लिहिलं, 'पिवळा पदार्थ तयार झाला.' सर मागेच उभे होते. म्हणाले, "घाई काय आहे? गार होऊ दे, मग लिही." थोड्या वेळाने भुकटी परत पांढरी! नवं काही झालंच नव्हतं. तापल्यावर स्फटिकातला किंचित ऑक्सिजन निसटतो आणि रंग बदलतो; गार होताना तो हवेतून परत घेतला जातो.

लेड नायट्रेट मात्र मोहरीसारखं तडतडायचं, तपकिरी विषारी धूर सोडायचं. म्हणून ते सर स्वतः, खिडकीशी उभे राहून तापवत. तळाशी उरलेलं ऑक्साइड गरम असताना तांबूस, गार झाल्यावर पिवळं. तिथून मागे फिरणं नाही. हिरव्या हिराकसाचंही, म्हणजे लोखंडाच्या सल्फेटचंही, तेच, शेवटी गंजासारखी तांबडी पूड.

माझा जीव जडला तो मोरचुदावर, म्हणजे तांब्याच्या सल्फेटवर. निळे खडे पांढरे पडत गेले, नळीच्या वरच्या थंड भागात पाण्याचे थेंब जमले. मी नळी उभीच धरली होती. एक थेंब ओघळून तापल्या तळावर आला आणि नळी तडकली. सर रागावले नाहीत. दुसरी नळी हातात देऊन तिचं तोंड त्यांनी किंचित खाली झुकवलं. "पाण्याला बाहेर जायला वाट ठेव." त्या पांढऱ्या पुडीवर त्यांनी पाण्याचा थेंब टाकायला लावला. पूड निळी झाली आणि नळी हाताला चांगलीच गरम लागली. मोरचुदाच्या वजनात ३६ टक्के पाणीच असतं, हे त्या दिवशी कळलं.

त्याच उन्हाळ्यात आमच्या द्राक्षबागेच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोरचुदाचं पोतं उघडं राहिलं. वरचे खडे पांढुरके झाले. बोर्डो मिश्रणासाठी, म्हणजे वेलींवर फवारायच्या बुरशीनाशकासाठी, आबा शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना घ्यायचे. "वाया गेलं रे हे," म्हणाले. मी त्यातला एक खडा वाटीत घेऊन पाण्याचे दोन थेंब टाकले. आबा वाकून बघत राहिले.

"चालेल ना मग?"

"चालेल आबा. पण पांढरे खडे थोडे कमी तोला, त्यांतलं पाणी उडालंय. तेवढ्याच वजनात तांबं जास्त जाईल."