डायलचा दीड पीएसआय अखेर पकडला

मागच्या वेळी टायरमधल्या हवेचा दाब मोजणाऱ्या माझ्या तिन्ही गेजचं भांडण सांगितलं होतं: त्याच चाकावर डिजिटल ३३ पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब), काट्याचं डायल ३१.५, पेनासारखं पेन्सिल गेज कधी ३२ तर कधी ३४. दरवेळी नोझल लावताना थोडी हवा सुटते, तिचाच हा खेळ असावा असा संशय होता.

तो फिटला. नागपूरच्या लोहा ओळीतून पितळी टी-जॉइंट (तीन तोंडांचे जोड) आणले आणि तिन्ही गेज एकाच लाइनवर बसवले. जोडांवर साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही, तरी फरक तेवढाच! म्हणजे हवा सुटत नाही, गेजच वेगळं बोलतात. पण खरं कोणाचं?

इथेच घोडं अडलं. डायल तपासायला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेत पाठवणारच होतो, तेवढ्यात गच्चीवरची टाकी दिसली. पाण्याचा १० मीटरचा स्तंभ म्हणजे १४.२ पीएसआय. याहून प्रामाणिक गेज कुठलं?

गच्चीवरून पारदर्शक नळी सोडली, खाली वळसा देऊन टोकाला गेज लावले. नळीतले बुडबुडे काढता काढता जीव मेटाकुटीला आला. एक जरी राहिला तरी उंचीचा हिशेब चुकतो. वरच्या पातळीपासून खालच्या पातळीपर्यंत टेपने ९.८ मीटर, म्हणजे १३.९ पीएसआय. डिजिटल १४.० दाखवतं. काय आनंद झाला म्हणून सांगू! डायल १२.५. इथेही दीडच कमी, म्हणजे काटाच सरकलाय. शून्यावर तो त्याला अडवणाऱ्या खिळ्याला टेकून बसतो, म्हणून उणी चूक दिसतच नाही. डायल घेताना खिळा नसलेलाच घ्या, हे माझं ठाम मत. पेन्सिल गेजचा दट्ट्या अडकतो. ते आता फक्त स्टेपनीला.

डायलवर ३३ भरलं की चाकात खरे ३४.५ होतात. त्यात आपल्याकडे मे महिन्यात पहाटे ३० अंश, दुपारी ४५. दर साडेपाच अंशांना साधारण एक पीएसआय धरला तर आणखी पावणेतीन. म्हणून हवा पहाटेच बघायची, गाडी निदान तीन तास उभी असताना.

प्रयोगशाळा आता रद्द. पण डिजिटल १४ ला खरं ठरलं म्हणून ३३ ला ठरत नाही. त्याला २३.२ मीटर उंची लागते. मनीषनगरात मावसभावाची इमारत सात मजल्यांची आहे, तो तयार झालाय. एवढ्या दाबाला साधी नळी निसटेल, म्हणून जाळीची नळी आणि क्लिप घेतोय. आणि हो, चौथ्या, पाचव्या मजल्यावरूनही पातळी धरली तर एकाच दिवशी पूर्ण तक्ता मिळेल. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आत उरकतो.